बदामाखालची पंगत

आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर एक जंगली बदाम आहे. तो कुणी लावला माहीत नाही, त्याला पाणी कुणी घालत नाही, आणि पानगळीच्या दिवसांत लाल पानांचा असा काही पसारा करतो की झाडूवाली बाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. या झाडाखाली माझा मित्र आठ-नऊ वर्षं रोज दुपारी जेवला. आत कँटीन होतं, पंखे होते, गरम डाळ होती, आणि ते कँटीन नीट चालावं म्हणून भांडलेल्यांत तो पहिला होता. तरी तो बाहेर जेवला. यंदा तो गेला. त्याच्याविषयी लिहायला बसलो की बाकी सगळं मागे पडतं आणि हे झाडच पुढे येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कारखाना कामणच्या रस्त्यावर आहे. पितळी नळ आणि व्हॉल्व्ह बनतात. आजूबाजूची शेतं जाऊन आता गोदामं झालीत आणि रस्त्यावर कंटेनरची रांग संपत नाही, पण आम्ही लागलो तेव्हा फाटकातून भाताची खाचरं दिसायची. आम्ही दोघं मशीन शॉपमध्ये, मी लेथवर आणि तो माझ्या शेजारी ड्रिलिंग मशीनवर. माझे वडील साताऱ्याकडून मुंबईत आले, मी मुंबईतून वसईत आलो आणि एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. तो निर्मळचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा वाडीवाला. केळी, चाफा, अळू, दुधी, जे येईल ते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी त्याचा 'फ्लॅटवाले' झालो आणि तो माझा 'वाडीवाले'. खरी नावं हजेरीच्या वेळी तेवढी कानावर पडायची.

उजाडायच्या आत उठून तो वाडीला पाणी सोडायचा, फुलं तोडून बायकोच्या हवाली करायचा आणि मग स्कूटरवर नालासोपाऱ्याचा पूल, हायवे, चिंचोटीचा नाका असं करत सकाळच्या पाळीला हजर व्हायचा. हाताला मशीनच्या तेलाचा वास आणि शर्टाच्या खिशाला चाफ्याचा. मी त्याला म्हणायचो, अरे, घरची वाडी आहे, विहीर आहे, बावखल आहे, मग इथे कशाला मरायला येतोस? बावखल म्हणजे वाडीतलं पावसाचं पाणी साठवणारं जुनं तळं. त्या बावखलाच्या काठावर नुसतं बसायला मिळावं म्हणून मी माझी नोकरी सोडली असती. तो म्हणायचा, वादळ येऊन केळी आडव्या झाल्या की त्या वर्षी बावखलातलं पाणी पिऊन राहायचं का? आणि खरं सांगायचं तर त्याला माणसं लागायची. वाडीत एकटा राहिला की तो केळीशी बोलायचा, असं वहिनी सांगतात.

त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याची आई माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलली आणि लगेच मान वळवून त्याच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला चारातला एक शब्द कळला, तो जेवणाबद्दलचा होता. मी जेवून आलो होतो आणि तसं सांगितलंही. तरी पान वाढलं गेलं. या घरात आलेल्या माणसाला जेवलास का असं विचारत नाहीत, सरळ बसवतात. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला त्या ओट्यावरच्या पानात दिसतं.

युनियनमध्ये तो माझ्यामुळे आला. म्हणजे मी त्याला ओढला. कमिटीवर मशीन शॉपचे दोघं हवे होते, एक मी होतो आणि दुसरा उभा राहायला कुणी तयार नव्हतं. आमच्यात वाटणी सरळ होती. बोलायचं मी, ऐकायचं त्याने. द्वारसभा म्हणजे आमच्याकडे मोठं काम असतं. सुटीच्या वेळी फाटकाबाहेर झेंडे लावायचे, रिक्षावर कर्णा बांधायचा आणि घसा फुटेपर्यंत बोलायचं. मला ते फार जमायचं. माइक हातात आला की माझं डोकं चालायचं बंद होतं आणि जीभ सुटते. एकदा मी जाहीर केलं होतं की बोनसचा निर्णय होईपर्यंत दाढी करणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. तीन-चार दिवसांनी बायको म्हणाली की हा अवतार घेऊन माझ्या भावाच्या साखरपुड्याला यायचं नाही, आणि मी दाढी केली. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारायचं नसतंच. फाटकावर बोललेलं फाटकावर ठेवून घरी जायचं, हे आम्हा सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं.

त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो कधी बोललाच नव्हता. तो मागे झेंड्याची काठी धरून उभा असायचा.

कँटीनचं भांडण डाळीवरून सुरू झालं. डाळीत डाळ शोधावी लागायची आणि भातात खडे शोधावे लागत नसत, ते आपणहून भेटायचे. तक्रारी करून थकलो, मग जेवणावर बहिष्कार टाकायचं ठरलं. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, पण कारखान्यात हे जुनं हत्यार आहे. काम चालू ठेवायचं, फक्त कंपनीचं अन्न खायचं नाही. घरून डबा आणायचा आणि फाटकाबाहेर बसून खायचा. रस्त्यावरून जाणारायेणारा बघतो, माल घ्यायला आलेले लोक बघतात, साहेबांची गाडी त्या माणसांमधून वाट काढत आत जाते. उत्पादन एक नगाने कमी होत नाही, पण कंपनीची लाज जाते.

पहिल्या दिवशी सगळे आपापला डबा मांडीवर घेऊन इकडे तिकडे बसले. दुसऱ्या दिवशी वाडीवाल्याने स्कूटरला केळीच्या पानांची गुंडाळी बांधून आणली. बदामाखाली ती ओळीने अंथरली आणि म्हणाला, डबे ओता. मग काय विचारता. कुणाच्या घरचं कुळथाचं पिठलं, कुणाचे सुके बोंबील, माझ्याकडचा खर्डा, भुईगावच्या एका ख्रिस्ती सोबत्याच्या आईने पाठवलेलं आंबट-तिखट मटण. सगळं सगळ्यांच्या पानावर. बहिष्कार होता की कुणाचं लग्न, तेच कळेना.

पॅकिंग, पॉलिश आणि लोडिंगला ठेकेदाराची माणसं होती. कुणी जव्हार-मोखाड्याकडचा, कुणी मराठवाड्यातला, कुणी उत्तर प्रदेशातला. ती आमच्याच छपराखाली तेवढेच तास राबायची, पण कँटीनमध्ये त्यांना जागा नव्हती. कँटीन कंपनीच्या कामगारांसाठी होतं आणि कागदोपत्री हे कंपनीचे नव्हतेच. ते कॉम्प्रेसरच्या खोलीमागे, भंगाराच्या पिंपांशेजारी उकिडवे बसून खायचे. ही जागा आम्ही रोज बघत होतो आणि ती आम्हाला दिसत नव्हती. त्या दिवशी त्यांच्यातले पाच-सहा जण डबे घेऊन तिकडे चालले असताना वाडीवाल्याने हाक मारली, इकडे या, पानं उरलीत. ते आधी संकोचले. मग एक आला, मग बाकीचे आले. दुसऱ्या दिवशी तो जास्त पानं घेऊन आला.

बहिष्कार पंधरवडाभर चालला आणि आम्ही जिंकलो. डाळ घट्ट झाली, तांदूळ बदलला, पंखे वाढले. शेवटच्या दिवशी विजयाची द्वारसभा झाली. मी मनसोक्त बोललो. बोलणं संपल्यावर मस्करीत मी माइक वाडीवाल्याच्या तोंडासमोर धरला, कारण आता तो नको नको म्हणत मागे पळेल आणि सगळे हसतील असं मला वाटलं. तो पळाला नाही. ठेक्यावरची माणसं रस्त्याच्या पलीकडे उभी होती, त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "एवढे दिवस एका पंगतीत जेवलो. आता हे आत बसेपर्यंत मी पण आत बसणार नाही."

टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या, आणि मीही त्याची पाठ थोपटली. छान बोलला, असं सगळ्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये ताट घेतलं, त्याची जागा धरून ठेवली आणि वाट बघत बसलो. तो येईना. खिडकीतून बघितलं तर बदामाखाली एका केळीच्या पानावर हा, आणि समोर ठेक्यावरची चार माणसं. मी बाहेर गेलो आणि म्हणालो, अरे, झालं ना आता, चल. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला माझं म्हणणं कळलंच नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "मी बोललो ना काल," तो म्हणाला. एवढंच. आमच्या सबंध युनियनमध्ये फाटकावर बोललेलं खरं मानणारा हा एकच माणूस निघाला, आणि तोही बोलणाराच.

आम्हाला वाटलं, आठवडाभर करील. मग वाटलं, पावसाळा लागला की येईल आत. पावसाळा लागला तेव्हा त्याने पंगत सायकलींच्या शेडमध्ये हलवली. उन्हाळ्यात झाडाखालची फुफाट्याची हवा, रस्त्यावरून कंटेनर गेला की भातावर धूळ, आणि हा आपला पानाला हात लावून नमस्कार करून जेवायला सुरुवात करतोय. मला राग यायचा. पंख्याखाली बसून डाळभात खाताना खिडकीतून मित्र दिसावा आणि घास गोड लागावा, हे होत नाही. मी आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर जायचो आणि बाकीचे दिवस पाठ खिडकीकडे करून बसायचो. त्याने मला कधी ये म्हटलं नाही आणि का आला नाहीस असंही विचारलं नाही.

व्यवस्थापकांनी आधी हसण्यावारी नेलं. मग त्यांना ते टोचायला लागलं. भेटीला आलेले लोक विचारायचे की हे लोक बाहेर का बसलेत. एकदा त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, मी कमिटीचा म्हणून सोबत गेलो. साहेब गोड बोलले. तुम्ही जुने कामगार, हवं तर अधिकाऱ्यांच्या खोलीत बसून जेवा, म्हणाले. वाडीवाला म्हणाला, साहेब, तिथे माझ्याबरोबरचे मावतील का? साहेबांना त्याचा अर्थ लागेपर्यंत हा नमस्कार करून बाहेर पडला होता. उद्धटपणा त्याच्या अंगात नव्हता. त्याला खरोखरच खोली केवढी आहे ते हवं होतं.

खरी अडचण साहेब नव्हतेच, आम्ही होतो. दर कराराच्या वेळी आमच्या मागणीपत्रात तो एक ओळ घालायला लावायचा की ठेक्यावरच्या माणसांना कँटीनमध्ये प्रवेश हवा. आणि दर वेळी देवाणघेवाणीत पहिली गळायची ती हीच ओळ. आमच्याच लोकांना ती नको होती. गर्दी होईल, जेवण पुरणार नाही, भांडलो आपण आणि खाणार ते. ओतकाम विभागातला एक जुना सभासद सगळ्यांत मोठ्याने बोलायचा. आज ताट दिलंत, उद्या नोकरी पण द्या, असं तो भर बैठकीत म्हणाला. मी त्याला खाडखाड उत्तर दिलं, तो आणखी चिडला, आणि बैठक मोडली.

वाडीवाला बैठकीत गप्प होता. मी त्याच्यावर भडकलो की तुझ्यासाठी मी भांडतोय आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस. तो म्हणाला, बोलून माणूस ताठ होतो, जेवायला बसला की जरा वाकतो. आणि त्याने त्याची पद्धत सुरू केली. रोज एकाला आमंत्रण. उद्या माझ्याकडे जेवायला ये, एवढंच म्हणायचा, जणू काही निर्मळच्या घरी बोलावतोय. मागण्यांचा विषय नाही, युनियनचा नाही. आमंत्रण मोडवत नाही म्हणून माणूस यायचा, पानावर बसायचा, शेजारच्याला गाव विचारायचा. निर्मळच्या यात्रेच्या दिवसांत सुकेळी असायची. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती सुकेळी त्याच्या घरची फार सुरेख असायची आणि तो ती आधी पाहुण्याला द्यायचा. जेवून माणूस परत जायचा, आणि पुढच्या महिन्यात आपणहून एखाद्या दिवशी डबा घेऊन यायचा. कुणाला समजावलं असं त्याने केलंच नाही. मी इतकी वर्षं भाषणं केली, माझ्या भाषणाने एकाचं तरी मत बदललं असेल का, देव जाणे. त्याने ते पानावर बदललं.

ओतकामवाला मात्र येत नव्हता. तीन-चारदा बोलावणं झालं, दर वेळी काहीतरी कारण. मग त्याचा थोरला मुलगा कामाला लागला. शिकलेला, लग्न ठरलेला मुलगा. हल्ली कायम नोकरी कुठे मिळते? बापाने साहेबांच्या हातापाया पडून त्याला चिकटवला, पण चिकटवला तो ठेकेदाराकडे, पॅकिंगला. पहिल्या दिवशी जेवणाची घंटा झाली. बाप कँटीनकडे निघाला आणि मुलगा दुसरीकडे. मी ते बघितलं आहे. म्हातारा दारात थांबला, आत गेला, ताट घेतलं, बसला, उठला. ताट तसंच ठेवून बाहेर आला. बदामाखाली मुलगा वाडीवाल्याच्या शेजारी बसला होता. वाडीवाल्याने सरकून जागा केली आणि एक पान अंथरलं. म्हाताऱ्याकडे डबा नव्हता. मुलाने आपला अर्धा डबा बापाच्या पानावर ओतला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी त्या दिवशी बाहेरच बसलो होतो.

त्यानंतरच्या कराराला ती ओळ गळली नाही. ओतकामवालाच टेबलावर हात आपटून बसला होता. पण बोलणी खूप लांबली, आणि तोपर्यंत वाडीवाला आजारी पडला. पोटाचं दुखणं, आधी पित्त म्हणून अंगावर काढलं आणि मग निघालं भलतंच. रजा झाल्या, उपचार झाले, आणि अंथरुणावर असतानाच निवृत्तीचं वय आलं. त्याचा निरोप समारंभ त्याच्या ओट्यावर झाला. कंपनीचं घड्याळ आणि शाल मी घेऊन गेलो होतो. ओळखपत्र परत घ्यायचं काम पण माझ्याकडेच दिलं होतं. ते माझ्या हातात ठेवताना तो हसून म्हणाला, फ्लॅटवाले, फोटोत मी किती काळा दिसतो बघ.

करार झाला. ठरल्याप्रमाणे एका सोमवारपासून सगळ्यांना कँटीन खुलं झालं. मी आदल्या दिवशी निर्मळला जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, उद्या मला घेऊन चल. वहिनी रागावल्या, मीही रागावलो, रस्त्यावर किती खड्डे आहेत ते त्याला मोजून दाखवले. त्याने ऐकलं आणि वहिनींना म्हणाला, माझा इस्त्रीचा शर्ट काढ.

पुतण्याच्या गाडीत उशीला टेकवून त्याला आणलं. जेवणाची घंटा नुकतीच झाली होती. फाटकावर सुरक्षा एजन्सीचा माणूस होता, परभणीकडचा, पन्नाशीला आलेला, आमच्याकडे नवीन. त्याने ओळखपत्र मागितलं. ते माझ्याच हाताने जमा झालं होतं. मी आवाज चढवला. मी म्हणालो, तुम्हाला माहीत आहे का हा माणूस कोण आहे? तो बिचारा आत फोन लावत होता, साहेब बाहेरगावी आणि दुसरं कुणी उचलेना. परवानगीशिवाय सोडलं तर माझी नोकरी जाईल, काका, असं तो हात जोडून म्हणाला. मी आणखी बोलणार तेवढ्यात वाडीवाल्याने माझा हात धरला. त्याच्या बोटांत जोर उरला नव्हता, तरी मी गप्प झालो. त्याची ड्यूटी आहे, तो म्हणाला, मला झाडाखाली बसव. ज्या माणसाने इतकी वर्षं या दिवसाची वाट बघितली त्याला नेमक्या त्याच दिवशी फाटकाबाहेर बसावं लागलं, या विचाराने माझं रक्त उकळत होतं. त्याचं नव्हतं.

खिडकीतून आतल्यांनी त्याला बघितलं. आणि ताटं हातात घेऊन ठेक्यावरची माणसं बाहेर यायला लागली, एकामागून एक, ओतकामवाल्याचा मुलगा सगळ्यांत पुढे. झाडाभोवती उभी राहिली. कुणीतरी रडत होतं. मला ते फार भारी वाटलं. मी मनातल्या मनात द्वारसभेचं भाषण तयार करायलाही लागलो होतो.

वाडीवाला चिडला. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेला त्याच एका दिवशी बघितला.

"इथे काय काम आहे?" तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण ऐकू गेला. "मी इथे बसलो ते तुम्ही तिथे बसावं म्हणून. चला, आत व्हा. डाळ गार होते."

ती माणसं खालमानेने परत गेली. आम्ही दोघंच राहिलो. जरा वेळाने उघड्या खिडक्यांमधून आवाज यायला लागला. ताटं, वाट्या, बाक सरकवल्याचा आवाज, कुणीतरी भात मागतंय, कुणीतरी हसतंय, मराठी, हिंदी, सगळं एकात एक. तो डोळे मिटून, खोडाला डोकं टेकून ऐकत होता. चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मला त्याचा हेवा वाटला. माझ्या आयुष्यात असा आवाज मी कधी कमावला नाही.

मग त्याने डोळे उघडले आणि फाटकाकडे बघितलं. सुरक्षेचा माणूस केबिनमध्ये उभ्यानेच चपाती-भाजीचा घास तोंडात टाकत होता, एक डोळा रस्त्यावर ठेवून. एजन्सी वेगळी, ठेका वेगळा. करारात तो कुठेच नव्हता. आमच्यातल्या एकाच्याही लक्षात तो आला नव्हता.

"फ्लॅटवाले," तो म्हणाला, "हा राहिला की रे."

पिशवीत वहिनींनी दिलेली दोन केळी होती. त्याला स्वतःला काही जात नव्हतं. एक केळं त्याने माझ्या हाताने केबिनमध्ये पाठवलं.

त्यानंतर तो महिनाभरही राहिला नाही. निर्मळला त्याच्या वाडीच्या वाटेवर त्या दिवशी कामणहून आलेल्या मोटरसायकलींची रांग लागली होती. आजही ड्रिलिंग मशीनवर नवीन माणूस बघितला की मला चुकल्यासारखं होतं. मला तो हवा आहे, दुसरं काय सांगू.

तेराव्यानंतर फाटकावर शोकसभा झाली. झेंडे अर्ध्यावर होते, कर्णा होता आणि बोलणारा अर्थातच मी होतो. मी ठरवून आलो होतो की चार शब्द नीट बोलायचे आणि संपवायचे. पण माइक हातात आला, समोर बदाम होता, आणि फाटकाशी हात जोडून तो सुरक्षेचा माणूस उभा होता. माझी जीभ सुटली. फाटकावरचा माणूस आत बसेपर्यंत मी आत जेवणार नाही, असं मी बोलून गेलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. या टाळ्यांची किंमत माझ्याइतकी कुणाला माहीत असणार?

सकाळी बायकोला म्हटलं, डबा दे. कँटीनला काय झालं, तिने विचारलं. मी सांगितलं. ती दाढीचं प्रकरण विसरलेली नाही. तिने डबा भरला, पण लहानातला, एका दिवसापुरता असावा तसा.

जेवणाची घंटा झाली. मी उगाच लेथ पुसत राहिलो. ऊन मरणाचं होतं आणि कँटीनमध्ये त्या दिवशी नेमकी कढी होती, तिचा वास शॉपपर्यंत आला. सगळे पुढे गेले. माझ्या कालच्या बोलण्याची कुणाला आठवण असल्याचं दिसत नव्हतं, आणि मी कँटीनच्या दारातून आत शिरलो असतो तरी कुणी एका शब्दाने विचारलं नसतं.

डबा घेऊन मी फाटकाशी आलो. बदामाखाली दोन स्टुलं मांडलेली होती, एकावर बसून सुरक्षेचा माणूस रस्त्यावर नजर ठेवून होता. त्याचा डबा मांडीवर तसाच बंद होता.

"काका, उशीर केलात," तो म्हणाला.

मी बसलो आणि डबा उघडला.